संकल्प माणसाचा, प्रयोग पोथीचा

"बाकी सगळं मशीनला करू दे, पण स्टोअरवर ॲप चढवताना शेवटचं बटण माणसानंच दाबलं पाहिजे." नाशिकच्या लहानमोठ्या सॉफ्टवेअर कचेऱ्यांत हे वाक्य इतक्या वेळा ऐकले आहे की त्याला आता कुणी पुरावा मागत नाही. नवीन मुलगा कामाला लागला की कोड कसा लिहायचा याबरोबर त्याला हेही सांगितले जाते. मी त्र्यंबकेश्वरात राहून मोबाइल ॲपचे काम करतो. आमच्या पाच जणांच्या गटातही वर्षानुवर्षे हाच नियम होता आणि तो मीच घातलेला होता. आज मला तो चुकीचा वाटतो. तो गैरसोयीचा आहे ही तक्रार किरकोळ. ज्या काळजीपोटी तो घातला जातो त्या काळजीलाच तो धक्का लावतो, हे माझे म्हणणे आहे.

खंडनाला बसण्याआधी पूर्वपक्ष पुरता मांडावा, प्रतिपक्षाने स्वतः मांडला असता त्याहून घट्ट मांडावा, ही आपल्याकडची जुनी रीत आहे. तर पूर्वपक्ष असा. ॲप एकदा लोकांच्या फोनवर उतरले की परत बोलावता येत नाही. वेबसाइटवरची चूक पाच मिनिटांत पुसता येते. फोनवरची चूक वापरणारा पुढचे अपडेट घेईपर्यंत त्याच्या खिशातच राहते. म्हणून निदान या एका पायरीवर माणसाची नजर हवी. दुसरे असे की, ॲप चढवण्याची किल्ली एखाद्या सर्व्हरवर ठेवली की तिला पाय फुटण्याचा धोका आला. माणसाच्या डोक्यातला पासवर्ड तसा चोरता येत नाही. तिसरे, महिन्यातून एकदा करायच्या कामासाठी स्क्रिप्ट लिहीत बसणे हा मोठ्या कंपन्यांचा थाट झाला, चार-पाच जणांच्या गटाला तो परवडत नाही. चौथा मुद्दा सर्वांत वजनदार: जे काम यंत्र करते ते माणूस विसरतो, आणि यंत्र अडले की ते काम त्या विसरलेल्या माणसाच्याच गळ्यात येऊन पडते.

चारही मुद्दे प्रामाणिक आहेत. पहिला मला मुळीच मान्य नाही, मधले दोन फारसे मान्य नाहीत, आणि चौथा मी अर्धा मान्य करणार आहे.

आधी हे शेवटचे बटण दाबणारा माणूस प्रत्यक्षात काय पाहतो ते बघू. तयार झालेले ॲप म्हणजे एक बंद गाठोडे असते. अँड्रॉइडसाठी त्याला एएबी म्हणतात, ॲपलच्या फोनसाठी आयपीए. हाताने चढवायचे तर गूगलच्या प्ले कन्सोलमध्ये लॉगिन करा, ॲप निवडा, मग ट्रॅक निवडा: अंतर्गत चाचणी, बंद चाचणी, खुली चाचणी की थेट प्रॉडक्शन. नवे रिलीज उघडा, फाइल आत ओढा, 'नवीन काय' या रकान्यात मराठीचा मजकूर वेगळा, इंग्रजीचा वेगळा, हिंदीचा वेगळा चिकटवा. पुढे, पुन्हा पुढे, जतन करा, पाठवा. ॲपलकडे मॅकवर एक्सकोडमधून आर्काइव्ह करा, सही लावा, वर पाठवा, फाइलवरची प्रक्रिया संपेपर्यंत थांबा, मग वेबसाइटवर जाऊन ती आवृत्ती निवडा. या सगळ्या धावपळीत माणसाच्या डोळ्यांना गाठोड्याचे नाव दिसते, आकार दिसतो, आवृत्तीचा क्रमांक दिसतो. गाठोड्यात काय बांधले आहे ते दिसत नाही. ज्या नजरेच्या भरवशावर आपण हा नियम उभा केला, त्या नजरेला तिथे पाहण्यासारखे काही नसतेच.

हे मला श्रावणातल्या एका तिसऱ्या सोमवारने शिकवले. त्या सोमवारी ब्रह्मगिरीची फेरी असते. माणसे रविवारी रात्रीच कुशावर्तात स्नान करून निघतात आणि गाव रात्रभर जागे असते. आमच्या ॲपमध्ये तेव्हा बसच्या वेळा आणि गाड्या लावायच्या जागा होत्या. शनिवारी त्यात बदल आले, आम्ही घाईने नवी आवृत्ती बांधली. कोडमध्ये सर्व्हरचे दोन पत्ते असतात, एक चाचणीचा, एक खरा. सहकाऱ्याने बांधणी केली, दुसऱ्याने क्रमांक वाचला, मी पुन्हा वाचला आणि बटण दाबले. रविवारी रात्री साडेअकराला ओळखीच्या एका गुरुजींचा फोन आला. त्यांच्या यजमानांच्या फोनवर बसथांब्यांची यादी उघडली होती आणि तिच्यात लिहिले होते, 'चाचणी थांबा १, चाचणी थांबा २, चाचणी थांबा ३'. तीन माणसांची नजर त्या फाइलवरून गेली होती. तिघांनीही आपापले काम मन लावून केले होते. चुकीचा पत्ता गाठोड्याच्या आत होता, तो बाहेरून कुणाला दिसणार?

आज आमची स्क्रिप्ट गाठोडे चढवण्याआधी ते उघडते, आत चाचणीच्या सर्व्हरचा पत्ता सापडला तर तिथेच थांबते आणि लाल अक्षरांत कारण सांगते. ही तपासणी चार ओळींची आहे. ती रविवारी रात्री दमत नाही, आणि 'या वेळी राहू दे, घाई आहे' असेही म्हणत नाही.

एका गावातल्या पाच जणांच्या चुकीवरून सिद्धान्त काढू नये, हे मला कळते. म्हणून मोठे उदाहरण घेऊ. १ ऑगस्ट २०१२ रोजी न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात नाइट कॅपिटल नावाच्या दलाल पेढीने पाऊण तासात ४४ कोटी डॉलरहून अधिक गमावले. पेढीचे आठ सर्व्हर होते. नवा कोड त्यांवर एका तंत्रज्ञाने हाताने उतरवला, सात सर्व्हरवर उतरवला आणि आठवा राहून गेला. त्या आठव्यावर कित्येक वर्षे न वापरलेला जुना कोड पडून होता. बाजार उघडला तसा तो जागा झाला आणि भराभर सौदे करत सुटला. अमेरिकेच्या बाजार नियामकाने पुढच्या वर्षी दिलेल्या आदेशात दोन गोष्टी नोंदवल्या आहेत. दुसऱ्या कुणी ते काम तपासलेले नव्हते, आणि तसे तपासावे असा लेखी नियमही पेढीत नव्हता. तो तंत्रज्ञ बेफिकीर होता असे म्हणायला आधार नाही. एकच काम आठ वेळा हाताने करताना माणसाकडून जे होते ते त्याच्याकडून झाले.

यावर प्रतिपक्ष हमखास १९ जुलै २०२४ काढतो, आणि काढावाच. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीचे एक अपडेट आपोआप जगभर गेले आणि सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळ्या पडद्यावर अडकले. आपल्याकडे विमानतळांवर त्या दिवशी हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. यंत्राच्या हाती दिले की असे होते, असा त्याचा निष्कर्ष. पण कंपनीने नंतर जी कारणे दिली ती वाचली पाहिजेत. नव्या साच्यात २१ रकाने होते, संगणकावरचा कोड २० च पुरवत होता, आणि अपडेट तपासणाऱ्या प्रोग्रामला ही तफावत पकडता आली नाही. मुख्य म्हणजे ती फाइल टप्प्याटप्प्याने न सोडता सगळ्यांकडे एकदम सोडली गेली. मग उपाय काय केला? कुणीतरी समोर बसून बटण दाबेल, असा नियम त्यांनी केला नाही. तपासण्या वाढवल्या आणि अपडेट आधी थोड्यांकडे, मग आणखी काहींकडे, असे पायऱ्यांनी सोडायचे ठरवले. समजा त्या दिवशी कुणी माणूस बटणावर बोट ठेवून बसला असता, तर त्याला २१ आणि २० मधला फरक पडद्यावर दिसला असता का? नसताच दिसला. त्यानेही ते दाबलेच असते.

माझ्या मते या वादाची गाठ दोन क्रियापदांत आहे. आपण 'ॲप चढवणे' आणि 'ॲप सोडणे' यांना एकच काम समजतो. चढवणे म्हणजे बांधलेले गाठोडे स्टोअरच्या कोठारात नेऊन ठेवणे. सोडणे म्हणजे ते लोकांना द्यायचे असे ठरवणे. पहिले हमालीचे काम आहे, दुसरे निर्णयाचे. पूर्वपक्षाला जी काळजी वाटते ती सगळी दुसऱ्याबद्दलची आहे, आणि तो नियम मात्र पहिल्याला लावून बसला आहे.

त्र्यंबकेश्वरातल्या माणसाला हा फरक समजावून सांगावा लागू नये. इथे देशभरातून माणसे विधीसाठी येतात, नारायण नागबलीसारखा विधी तीन दिवस चालतो. त्यात कशानंतर काय करायचे, कोणते द्रव्य, किती पिंड, हे सारे प्रयोगाच्या पोथीत ठरलेले आहे. गुरुजी कितीही अनुभवी असोत, विधी ते त्या दिवशी नव्याने रचत नाहीत. पण सुरुवात पोथी करत नाही. सुरुवातीला यजमान हातात पाणी घेऊन संकल्प सोडतो. संकल्पाची चौकट कायमची असते आणि तिच्यात मोकळ्या जागा असतात: संवत्सर, मास, तिथी, नक्षत्र, गोत्र, नाव आणि हेतू. त्या जागा त्या-त्या यजमानाने भरायच्या. इच्छा त्याची, जबाबदारी त्याची. पुढची वाट पोथीची. स्क्रिप्टची रचना नेमकी हीच आहे. चौकट लिहून ठेवलेली, आणि दर वेळी आपण भरायच्या जागा तीन-चारच: आवृत्ती कोणती, ट्रॅक कोणता, किती टक्के लोकांना, आणि मजकूर काय.

तपासणीचेही तसेच. वेदपाठशाळेतली मुले क्रम, जटा, घन असे पाठ म्हणतात. जटेत पहिले पद आणि दुसरे, मग उलटे दुसरे आणि पहिले, मग पुन्हा पहिले आणि दुसरे. घनात तिसरे पद घेऊन हे उलटसुलट जाणे आणखी वाढते. एखादे पद गळले तर पुढच्या जोडीत ते ताबडतोब उघडे पडते. शुद्धता राखायची तर मन लावण्याबरोबर मोजमापाची ठरीव रीतही लागते, हे त्या पाठकांनी फार पूर्वी ओळखले होते. शिष्याला त्यांनी नुसते 'लक्ष देऊन म्हण' असे सांगितले नाही. चूक लपूच शकणार नाही असा म्हणण्याचा क्रमच बांधून दिला.

आता स्टोअरवाल्यांनी स्वतः काय केले ते पाहा, कारण हाताच्या बाजूने बोलणारे अनेकदा असे गृहीत धरतात की कमांडने चढवणे ही चोरवाट आहे. ॲपलचे दुकान जुलै २००८ मध्ये ५०० ॲप घेऊन उघडले, गूगलचे त्याच वर्षी. सुरुवातीला सगळे हातानेच होई. २०१४ साली फेलिक्स क्राउझे या ऑस्ट्रियन तरुणाने फास्टलेन या साधनाची सुरुवात केली आणि चढवणे, चित्रे काढणे, सह्या सांभाळणे ही कामे एकेका कमांडवर आणली. ते साधन पुढे ट्विटरकडे गेले, २०१७ मध्ये गूगलकडे आणि २०२३ मध्ये एका सामुदायिक प्रतिष्ठानकडे. आजही ते फुकट आणि खुले आहे. गूगलने प्रकाशनासाठी एपीआय (प्रोग्रामला दुकानाशी थेट बोलायची सोय) दिला, ॲपलने २०१८ मध्ये ॲप स्टोअर कनेक्टचा एपीआय जाहीर केला. ही राजरोस वाट आहे, दुकानाच्या मालकांनीच बांधलेली.

आणि ती बांधताना त्यांनी चढवणे आणि सोडणे वेगळे ठेवले. गूगलच्या एपीआयमध्ये आधी एक 'एडिट' उघडावे लागते. त्यात फाइल टाका, मजकूर बदला, ट्रॅक ठरवा. 'कमिट' म्हणेपर्यंत दुकानात तसूभरही बदल होत नाही. मध्येच दुसऱ्या कुणी कन्सोलवर जाऊन काही बदलले तर तुमचे उघडे एडिट रद्द होते, म्हणजे दोन हातांची ओढाताण होत नाही. शिवाय रिलीज 'ड्राफ्ट' म्हणून ठेवता येते. ॲपलकडे वर गेलेली आवृत्ती आपोआप लोकांपर्यंत जात नाही. ती परीक्षणाला पाठवणे वेगळे, आणि मंजुरीनंतर 'मी सांगेन तेव्हाच सोडा' हा पर्यायही आहे. शेवटचे बटण ज्यांना हवेच आहे त्यांनी ते खुशाल ठेवावे. आमच्याकडेही आहे. पण त्याच्या आधीच्या तीस-पस्तीस क्लिकना काळजीचे नाव देऊ नये.

एक गोष्ट पूर्वपक्षाने कधी विचारात घेतलेली मी पाहिली नाही, ती म्हणजे दुसरी फेरी. चुकीची आवृत्ती गेल्यावर काय करायचे? प्ले स्टोअरवर मागे जाता येत नाही. आवृत्तीचा अंक वाढतच गेला पाहिजे, जुने गाठोडेच परत द्यायचे तरी त्यावर नवा, मोठा अंक घालून ते पुन्हा बांधावे लागते. टप्प्यांनी सोडले असेल तर ते थांबवता येते. ॲपलचे टप्पे सात दिवसांचे आहेत: १, २, ५, १०, २०, ५० आणि १०० टक्के, आणि मध्ये थांबवायची सोय आहे. पण थांबवल्यावर दुरुस्ती पाठवावीच लागते, आणि ती पाठवताना माणूस घाबरलेला असतो, फोन वाजत असतात, रात्र झालेली असते. त्या फेरीच्या रात्री दुरुस्ती चढवताना माझ्याकडून आणखी एक चूक झाली: घाईत ती प्रॉडक्शनऐवजी अंतर्गत चाचणीच्या ट्रॅकवर गेली, आणि चाळीस मिनिटे आम्ही 'लोकांना अजून जुनेच का दिसते' याचा शोध घेत बसलो. शांत दुपारी हाताने काम नीट होते हे मला मान्य आहे. परीक्षा त्या रात्रीची असते.

लहान गटाला हे परवडत नाही, या तिसऱ्या मुद्द्याबद्दल फार बोलण्यासारखे नाही. मोठ्या कंपनीत चढवण्याचे काम पाहणारा वेगळा माणूस असतो, तो रजेवर गेला तर दुसरा असतो. लहान गटात एकच असतो, आणि सगळी माहिती त्याच्या डोक्यात असते. स्क्रिप्टची जास्त गरज कुणाला, हे उघड आहे. आमची पहिली स्क्रिप्ट लिहायला दोन दिवस लागले.

मराठीत ॲप काढणाऱ्यांना तर याचा एक जादा लाभ आहे. प्ले स्टोअरवर ॲपच्या नावाला ३० अक्षरांची मर्यादा असते, छोट्या वर्णनाला ८०. आपण मनात मोजतो ती अक्षरे वेगळी आणि संगणक मोजतो ती वेगळी. 'त्र्यंबकेश्वर' हा शब्द आपल्या हिशेबी पाच अक्षरांचा: त्र्यं, ब, के, श्व, र. युनिकोडमध्ये तो तेरा खुणांचा आहे, कारण प्रत्येक हलन्त, प्रत्येक मात्रा आणि अनुस्वार वेगळा धरला जातो. पुढे 'दर्शन मार्गदर्शक' लिहिलेत की, मधल्या मोकळ्या जागा धरून, नेमके तीस भरतात, आणि आणखी एक अक्षर घातलेत की मर्यादा ओलांडलीत. कन्सोलवर हाताने चिकटवताना हे शेवटच्या क्षणी कळते आणि मग माणूस तिथल्या तिथे नाव कापतो. अशी घाईत कापलेली, अर्धवट मराठी नावे दुकानात किती दिसतात ते पाहून वाईट वाटते. मजकूर साध्या फाइलींमध्ये ठेवला, मराठीची फाइल मराठीच्या कप्प्यात, आणि स्क्रिप्टला आधीच मोजायला लावले, तर हे दोन दिवस आधी कळते आणि विचार करून नाव ठेवता येते. मजकुराचा इतिहासही राहतो. कुणी, केव्हा, कोणता शब्द बदलला, ते पुढच्या माणसाला वाचता येते.

किल्लीचा मुद्दा गंभीर आहे आणि तो हसून उडवण्यासारखा नाही. २०२१ मध्ये कोडकव्ह या साधनाची एक स्क्रिप्ट कुणीतरी बदलली आणि दोन महिने ती लोकांच्या बांधणी-सर्व्हरवरची गुपिते बाहेर पाठवत राहिली. असे होते. पण 'माणसाच्या डोक्यातला पासवर्ड' ही लहान गटाची खरी स्थिती आहे का? मला दिसते ते असे: खाते मालकाच्या नावाचे, पासवर्ड व्हॉट्सॲपच्या ग्रुपमध्ये, आणि लॉगिनच्या वेळी "साहेब, ओटीपी आला असेल, जरा सांगा." एकदा आमचे ग्राहक फेरीला ब्रह्मगिरीवर गेले होते, वर रेंज नव्हती, आणि आम्ही खाली चार तास त्या सहा आकड्यांची वाट पाहत बसलो होतो. त्या पासवर्डमध्ये खात्याची सारी सत्ता असते: पैसे, नाव, ॲप काढून टाकण्याचा अधिकारसुद्धा. याउलट गूगलच्या सर्व्हिस अकाउंटला, म्हणजे माणसाऐवजी स्क्रिप्टसाठी काढलेल्या खात्याला, फक्त एका ॲपवर, फक्त चाचणीच्या ट्रॅकपर्यंत अधिकार देता येतो. प्रॉडक्शनची परवानगी वेगळी आहे, ती देऊच नका. ॲपलची खासगी किल्ली एकदाच उतरवून घेता येते, तिच्यापासून बनणारे टोकन वीस मिनिटांत मरते, आणि संशय आला तर ती किल्ली तेवढी रद्द करता येते. चोरी दोन्हीकडे होऊ शकते. एका घरात सोन्याचे कपाट उघडे पडते, दुसऱ्या घरात ओसरी. किल्ली कोडच्या साठ्यात ठेवू नये, आणि ठरावीक काळाने बदलावी, एवढे पथ्य मात्र पाळलेच पाहिजे. ते पाळणार नसाल तर स्क्रिप्ट करू नका, असे मी स्पष्ट सांगेन.

चौथ्या मुद्द्याला शास्त्रीय बैठक आहे. लिझान बेनब्रिज या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ साली 'आयरनीज ऑफ ऑटोमेशन' नावाचा छोटा निबंध लिहिला. यंत्र सोपी कामे घेते आणि अवघड प्रसंग माणसावर सोडते, पण रोजचा सराव सुटल्यामुळे त्या प्रसंगाला लागणारे कौशल्यच माणसाकडे उरत नाही, हा त्याचा गाभा. हे खरे आहे. आमच्याकडच्या नव्या मुलीला दोन वर्षांत एकदाही प्ले कन्सोल हाताने उघडावे लागले नव्हते, आणि गूगलने एक नवा जाहीरनामा भरायला सांगून रिलीज अडवले तेव्हा तिला कुठे पाहायचे हेच कळेना. चूक तिची नव्हती, तिला न शिकवणाऱ्या आमची होती. तेव्हापासून वर्षातून दोनदा आम्ही स्क्रिप्ट बाजूला ठेवून एक आवृत्ती अंतर्गत चाचणीला हाताने चढवतो. नवे ॲप असेल तर तसेही पहिले गाठोडे गूगलकडे हातानेच द्यावे लागते. एपीआय नवे ॲप जन्माला घालत नाही. ते काम आता मुद्दाम सर्वांत नव्या माणसाकडे देतो. पण या मुद्द्याची दुसरी अर्धी बाजू मला मान्य नाही. हाताने काम केल्याने ज्ञान टिकते खरे, पण ते करणाऱ्यापुरतेच टिकते. स्क्रिप्ट वाचता येते. त्या मुलीने ती वाचली तेव्हा कोणत्या पायरीनंतर काय होते हे तिला एका दुपारी समजले. माझ्या डोक्यातून ते काढून घ्यायला तिला वर्ष लागले असते.

काय यंत्राकडे देऊ नये, याबद्दल माझी मते पक्की आहेत. वापरणाऱ्याची कोणती माहिती आपण घेतो हे सांगणारा जाहीरनामा माणसानेच, कोड समोर ठेवून भरावा. किंमत माणसाने ठरवावी. दुकानात आलेल्या तक्रारींना उत्तर माणसाने द्यावे, आणि मराठीत आलेल्या तक्रारीला मराठीतच. पाच टक्क्यांवरून शंभर टक्क्यांवर जायचे की नाही हे क्रॅशचे आकडे आणि लोकांचे अभिप्राय वाचून माणसाने ठरवावे. हे सारे संकल्पाच्या बाजूचे आहे. फाइल ओढत नेण्यात जाणारा वेळ वाचला तर याला मिळतो. आमच्याकडे पूर्वी रिलीजच्या दिवशी अभिप्राय वाचायला कुणाला फुरसत नसे. आता तेच त्या दिवसाचे मुख्य काम आहे.

हा वाद आत्ताच का काढला, तेही सांगतो. २०१५ च्या सिंहस्थाआधी नाशिकमध्ये कुंभथॉन हा तंत्रज्ञानाचा उपक्रम झाला. मूळ नाशिकचे, एमआयटी मीडिया लॅबचे प्राध्यापक रमेश रासकर त्यामागे होते, आणि इथल्या कितीतरी मुलांनी तेव्हा पहिल्यांदा गर्दी, आरोग्य, वाट चुकलेली माणसे अशा खऱ्या प्रश्नांसाठी तंत्रज्ञान हाती घेतले. पुढचा सिंहस्थ तोंडावर आहे. ध्वजारोहणाची तारीख ३१ ऑक्टोबर २०२६ ठरली आहे, पहिले अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ ला. मधल्या काळात नाशिक-त्र्यंबकच्या किती गटांच्या हातून यात्रेकरूंसाठी ॲप निघतील याची गणती नाही. त्यांच्यातल्या प्रत्येकाला कधीतरी रात्री दोन वाजता, रस्ता बदलला म्हणून, घाट बंद झाला म्हणून नवी आवृत्ती पाठवावी लागणार आहे. ते ॲप उघडणारा माणूस परगावचा असेल, सोबत म्हातारी आई असेल, आणि पडद्यावर दिसेल त्या बाजूला तो वळेल.

म्हणून इथल्या मित्रांना विनंती आहे. या पावसाळ्यात दोन दिवस काढा. आज हाताने जे करता त्याची एक-एक पायरी कागदावर लिहा, मग ती स्क्रिप्टमध्ये उतरवा, आधी फक्त अंतर्गत चाचणीच्या ट्रॅकपर्यंत. चाचणीच्या सर्व्हरचा पत्ता शोधणाऱ्या त्या चार ओळी तिच्यात विसरू नका. आमच्या हव्या असतील तर मागा, देतो.